मामांची प्लेलिस्ट

फोटोग्राफी शिकायची तर यूट्यूबवर कुणाला बघावं, असं मला वरचेवर विचारलं जातं. एका दमात उत्तर देता येत नाही, कारण या प्रश्नावर माझ्या डोक्यात दोन माणसं कायम भांडत असतात. एक मामा. बँकेतून निवृत्त, राहायला कोथरूडला, हौसेने मिररलेस कॅमेरा घेतलेले आणि सकाळच्या चहापासून टीव्हीवर फोटोग्राफीचे व्हिडिओ लावून बसणारे. दुसरी त्यांची भाची. साताऱ्यात लग्नाची फोटोग्राफी करते, स्टुडिओत उमेदवारी करून शिकली. एरवी असल्या गोष्टीत म्हातारा माणूस जुन्याच्या बाजूने आणि तरुण पोर नव्याच्या बाजूने असते. इथे उलटं आहे, म्हणून मला या दोघांचं ऐकायला आवडतं. पात्रं माझी, त्यांच्या तोंडी आलेली चॅनलं खरी.

भाची : मामा, तासभर झाला, हा माणूस डोंगरावर तंबू ठोकून बसलाय. फोटो काढणार आहे की नाही?

मामा : थॉमस हीटन. उत्तर इंग्लंडातला आहे. काढेल, उजेड आला तर. नाही आला तर हात हलवत परत जाईल आणि तेही दाखवेल. म्हणून तर मी त्याला बघतो. फोटो न मिळालेला दिवस दाखवायला धीर लागतो गं.

भाची : आमच्याकडे हात हलवत परत आलं तर मुलीचा बाप दुकानात येऊन बसेल. बरं, हा एक ठीक. पण खाली बघ काय काय सुचवतंय तुला. ‘या सात चुका तुम्हीही करता’, ‘हा कॅमेरा चुकूनही घेऊ नका’, ‘एफ-१.४ की एफ-१.८’. सगळ्यांचं तोंड उघडं, डोळे वटारलेले. यातल्या कितींनी आयुष्यात एक बरा फोटो काढलाय?

मामा : ते मी बघत नाही.

भाची : बघतोस. बघत नसतास तर ते तुला सुचवलं नसतं.

मामा : एखादा बघतो. कॅमेरा घ्यायचा होता तेव्हा बघायलाच लागले. पण चार रद्दी दुकानं आहेत म्हणून अख्खा बाजार बंद करायचा का?

भाची : बाजार बंद नको करूस. पण दुकानदार कशावर जगतो ते तरी बघ. पूर्वी व्हिडिओ दहा मिनिटांचा असला तरच मधे जाहिराती घालता यायच्या. २०२० च्या जुलैपासून ती अट आठ मिनिटांवर आणली. तेव्हापासून अ‍ॅपर्चर म्हणजे काय, हे दोन मिनिटांचं काम बरोब्बर आठ मिनिटं बारा सेकंदांचं होतं. पहिलं दीड मिनिट स्वतःची ओळख, मग ‘त्याआधी आजच्या प्रायोजकांबद्दल’, मग खाली लिंक दिलीय. त्या लिंकवरून तू लेन्स घेतलीस की त्याला कमिशन. त्यातही भागलं नाही तर स्वतःचे एडिटिंगचे तयार प्रीसेट विकायला असतातच.

मामा : अगं, पण लिहिलेलं असतं ना. प्रायोजित असेल तर तसं यूट्यूबला कळवावं लागतं, मग ते वर पाटी लावतं. आपल्याकडे जाहिरातवाल्यांच्या संस्थेने, त्या आस्कीने, २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांना जाहिरात असेल तर तसं सांगायचा नियमच केलाय.

भाची : पैसे घेतले तर पाटी. कॅमेरा बाजारात यायच्या आधी महिनाभर वापरायला मिळाला, कंपनीने कुठल्याशा बेटावर नेऊन आणलं, ते त्याच्या बोलण्यात कुठे कुठे उतरतं याची पाटी कोण लावणार? आणि पूर्वी निदान नापसंतीचा आकडा दिसायचा. हजार लोकांनी अंगठा खाली केलेला असला की कळायचं, इथे वेळ घालवू नये. २०२१ च्या नोव्हेंबरात तोही झाकला.

(भाचीचा हा मुद्दा मला पटतो, पण तो ती जरा ताणते. पैसे मिळतात म्हणून शिकवणं खोटं ठरत नाही. शिकवणी घेणारे मास्तरही फी घेतच होते. फरक इतकाच की मास्तरांची फी विद्यार्थ्याच्या घरातून यायची आणि विद्यार्थी नापास झाला तर त्यांना तोंड लपवावं लागायचं. इथे पैसे देणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा.)

मामा : मग हे घे. ना प्रायोजक, ना लिंक. मार्क लेव्हॉय. स्टॅनफर्डला प्राध्यापक होते. तिथे शिकवलेला डिजिटल फोटोग्राफीचा कोर्स त्यांनी २०१६ साली गूगलमधल्या लोकांना परत शिकवला आणि अठराच्या अठरा व्याख्यानं सगळ्यांना खुली ठेवली. पिक्सेल फोनचा कॅमेरा अंधारातही चांगले फोटो काढतो, त्यामागचं डोकं या माणसाचं. वर्गात कॅमेरा ठेवून चित्रित केलंय, बस. ना संगीत, ना ड्रोन.

भाची : गणितं आहेत म्हणे त्यात.

मामा : म्हणून तर मजा आली. हे बघ, लेन्सवर आकडे असतात १.४, २, २.८, ४, ५.६, ८. मी आधी पाठ केले होते, पाढे करावेत तसे. लेव्हॉयने सांगितलं, दर आकडा मागच्याला दोनाच्या वर्गमुळाने गुणून येतो. कारण एफ-चा आकडा भोकाच्या व्यासावरून काढलेला असतो आणि उजेड येतो क्षेत्रफळाच्या हिशेबाने. व्यास तेवढ्या पटीने कमी केला की क्षेत्रफळ बरोबर निम्मं. म्हणजे एक स्टॉप. छत्तीस वर्षं मी व्याजाची कोष्टकं तपासली, मला असं मुळापासून सांगितलं की कळतं. तुझ्या स्टुडिओवाल्याने सांगितलं होतं का हे?

भाची : नाही. त्याला स्वतःला माहीत नव्हतं. पण मंगलाष्टकांच्या शेवटी अंतरपाट खाली जातो तेव्हा एफ-४ च्या खाली जायचं नाही, कारण नवरा-नवरी एका रेषेत उभे नसतात, एकाचा डोळा फोकसमध्ये आणि दुसऱ्याचा बाहेर जातो, हे त्याने पाठीत धपाटा घालून शिकवलं.

मामा : धपाटा ऐच्छिक असावा.

भाची : मामा, माझा मुद्दा असा आहे की तू बघतोस ते दुसऱ्या मुलखातलं आहे. अमेरिकेतल्या माणसाने सांगितलेलं त्याच्या खोलीत खरं असतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, हुशार, व्हिडिओ बघून बघून तयार झालेला. कार्यालयात एलईडीच्या ट्यूबा. त्याने कॅमेरा सायलेंट शटरवर टाकला आणि शटर १/१२५. रात्री संगणकावर बघते तर अर्ध्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे, एक फ्रेम उजळ, एक मळकट. त्याला विचारलं, हा आकडा कुठून आणलास? तर म्हणे अमेरिकेतल्या चॅनलवर सांगितलं होतं की ट्यूबलाइटखाली १/६० किंवा १/१२५ ठेवायचं.

मामा : तिथे वीज साठ हर्ट्‌झची!

भाची : तेच. तिथे दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, आपल्याकडे १०० वेळा. आपल्याला १/५० किंवा १/१०० हवं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचे अख्खे झटके मिळतात, अर्धवट नाही. आणि सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून पट्टे जास्तच उठून दिसतात. स्टेजमागची एलईडी भिंत असली तर तिचं लुकलुकणं आणखी वेगळं, तिथे कॅमेऱ्यातली फ्लिकरची सेटिंग वापरून एकेक आकडा चाचपत बसावं लागतं. त्या अमेरिकनाची चूक काय? काहीच नाही. त्याने आपल्या खोलीतलं सांगितलं.

मामा : मग चूक त्या मुलाची. कारण समजून घेतलं असतं तर आकडा त्याने स्वतः बदलला असता. मी म्हणतो तेच झालं. जे चॅनल आकडा सांगतं ते सोड, जे कारण सांगतं ते धर.

भाची : (जरा थांबून) हे बरोबर बोललास.

मामा : मी असंच एकदा केलं. हीटनच्या व्हिडिओत सूर्यास्ताआधीचा तो सोनेरी उजेड संपता संपत नाही. सावकाश ट्रायपॉड लावतोय, चहा करतोय, फिल्टर पुसतोय. मी कासच्या पठारावर गेलो, तसाच सावकाश ट्रायपॉड लावला, आणि वर बघतो तो उजेड गेलेला. घरी येऊन हिशेब केला. मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्याला शेवटचे सहा अंश उतरायला पंचवीसेक मिनिटं लागतात. न्यूकॅसलच्या अक्षांशावर चाळीसच्या वर, कारण तिथे तो तिरका उतरतो, आपल्याकडे जवळजवळ सरळ खाली. आणि डिसेंबरात तर तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर. म्हणजे दिवसभर त्यांना मऊ, आडवा उजेड. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तो असा डोक्यावर येतो की सावली पायाखाली नाहीशी होते.

भाची : म्हणजे इंग्लंडचं लँडस्केपचं चॅनल बघून सह्याद्रीवर जायचं तर अर्ध्या वेळात काम उरकायची सवय हवी.

मामा : आणि ट्रायपॉड आधी लावून ठेवायची. नायजेल डॅन्सन, मार्क डेनी, हे सगळे तिकडचेच. डेनी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात. रचना कशी करावी, समोरचा दगड किती घ्यावा, हे उत्तम सांगतात. घड्याळ मात्र आपलं वापरायचं.

भाची : आणि बुरशीचं? पावसाळ्यात कोकणात कॅमेरा नेणाऱ्याला लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. माझी एक लेन्स चिपळूणच्या एका पावसाळ्यात गेली. तुझ्या त्या परक्या मुलखातल्या लोकांच्या तोंडी ड्राय कॅबिनेट हा शब्द कधी ऐकलास? आपल्याकडे पहिल्या धड्यात सांगायला हवं की बॅग बंद करून कपाटात टाकू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, आणि एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स उघडू नका.

मामा : मान्य. एवढ्यासाठी तरी आपल्याकडचं एखादं चॅनल धरून ठेवावं.

भाची : आणि हळद! पिवळा मांडव, झेंडूच्या माळा, पिवळी साडी, पिवळी मुलगी. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गांगरतो. एवढं पिवळं बघून तो निळं ओततो आणि मुलीचा चेहरा राखेसारखा होतो. पुढच्या फ्रेममध्ये पांढऱ्या सदऱ्यातला काका मध्ये आला की परत वेगळाच रंग. म्हणून केल्व्हिनचा, म्हणजे रंगाच्या तापमानाचा, आकडा ठरवून ठेवायचा. त्यातून मांडवाच्या कापडातून गाळून आलेला पिवळा उजेड गालाच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचं पांढरं ऊन असलं, तर केल्व्हिनही हात टेकतो. मुलीला दोन पावलं बाहेर सरकवायचं, एवढाच उपाय. हे दोन पावलं सरकवणं कुठल्या व्हिडिओत आहे?

मामा : ते कुणीतरी दाखवायला हवं, एवढंच तू सिद्ध केलंस. व्हिडिओने ते दाखवता येत नाही असं नाही.

भाची : बहुतेक दाखवत नाहीत. बहुतेक खुर्चीत बसून बोलतात. मी चॅनलला एकच कसोटी लावते. फोटो काढणाऱ्याचे पाय दिसतात का? कुठे उभा राहिला, कुठे सरकला, का वाकला, कुणाला ‘जरा इकडे’ म्हणाला, हे दिसत असेल तर बघायचं. नुसतं तोंड दिसत असेल तर बंद.

(‘पाय दिसतात का’ ही कसोटी मी तेव्हापासून स्वतः वापरतो. यूट्यूबवरची निम्मी गर्दी तिने गळून पडते.)

मामा : मग तुला पॉली बी आवडेल. न्यूयॉर्कचा आहे. ‘वॉकी टॉकी’ नावाची मालिका करतो. एकेका स्ट्रीट फोटोग्राफरला धरतो आणि त्याच्यामागून रस्त्यावर फिरतो. तो माणूस चालतोय, बोलतोय, मधेच कुणाकडे तरी झेपावतो, आणि लगेच त्याने काढलेला फोटो पडद्यावर. कुणी चार फुटांवर जाऊन फ्लॅश मारतो, कुणी कोपऱ्यावर बकुळीच्या झाडासारखा उभा. पाय आणि फोटो, दोन्ही.

भाची : हा मी बघितलाय. ज्या पोरीला असिस्टंट म्हणून घेते, तिला आधी हाच बघायला लावते. सेटिंग सांगत नाहीत ते, पण माणूस आणि फोटो यांच्यामध्ये नक्की काय घडतं ते दिसतं.

मामा : आणि हाँगकाँगहून डिजिटलरेव्ह चॅनलवाला काई वाँग काढायचा ते जुने भाग? नामांकित फोटोग्राफर बोलवायचे आणि त्यांच्या हातात खेळण्यातला, भिकार कॅमेरा द्यायचा.

भाची : ते तर मी लोळून लोळून बघितलेत. हे मात्र यूट्यूबमुळेच झालं, कबूल. स्टुडिओवाल्याने आपल्या हातातला महागडा कॅमेरा खाली ठेवून कधी तसं करून दाखवलं नसतं.

मामा : आता माझा प्रश्न. बारावीनंतर तू साताऱ्यात स्टुडिओ-स्टुडिओ पालथे घातलेस. आठवतंय काय म्हणायचे? ‘मुलीला रात्रीच्या वरातीत कसं पाठवायचं?’ ‘सामान उचलायला जमेल का?’ शेवटी एकाने घेतलं तर वर्षभर अल्बमची पानं लावत बसलीस. कॅमेऱ्याला हात लावू दिला का?

भाची : नाही.

मामा : मग? तुझी उमेदवारी चांगली, पण तिचं दार कुणाला उघडतं? ओळखीच्याला, शेजारच्या गावच्याला, मुलाला. मला कोण ठेवणार होतं साठाव्या वर्षी? जतच्या एखाद्या वाडीतल्या पोराकडे जुना कॅमेरा आहे, त्याला कोण शिकवणार? व्हिडिओ कुणाला विचारत नाही की तू कोण, कुणाचा.

भाची : तो मुद्दा मी खोडत नाही. मी स्वतः अल्बम लावताना कानात एक इअरफोन घालून मार्क वॉलेस ऐकायचे. अ‍ॅडोरामा म्हणजे न्यूयॉर्कचं कॅमेऱ्याचं दुकान, त्यांच्या चॅनलवर तो शिकवायचा. त्यावरच गॅव्हिन होई. ब्रिटिश माणूस, छोट्याशा घरगुती स्टुडिओत एक दिवा, दोन दिवे लावून दाखवतो. दुकानाला माल विकायचाय हे उघड आहे, पण गॅव्हिन दिवा कुठे ठेवला ते दाखवतो, फोटो काढून दाखवतो, मग दिवा हलवून परत काढून दाखवतो. लपवाछपवी नाही. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो हे सूत्र मला शाळेत कधी कळलं नव्हतं. तिथे कळलं.

मामा : बघ!

भाची : ऐक पुढे. कळलं, पण हातात आलं नाही. पहिल्याच लग्नात चाळीस माणसांचा ग्रुप. मी दिव्याची छत्री पुढच्या रांगेजवळ लावली. पुढच्या आत्या पांढऱ्याफटक, मागचे मामा अंधारात. सूत्र मला तोंडपाठ होतं. तरी छत्री मागे न्यायची, आणखी मागे न्यायची, म्हणजे पुढची आणि मागची रांग दिव्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येते, हे मला कुणीतरी मागून ओरडून सांगावं लागलं. चार फुटांवरची छत्री दोन फुटांवर आणली तर उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉप, हे आता मला हिशेब न करता दिसतं. ते दिसायला छत्री धरून उभं राहावं लागतं.

मामा : मी पण सराव करतो. चॅनल बघताना मी व्हिडिओ थांबवतो. संगणकावर थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम दाबले की एकेक फ्रेम मागे-पुढे जाते, माहीत आहे? चेहऱ्याचा फोटो आला की डोळ्याच्या बुबुळात दिव्याचं प्रतिबिंब बघतो. चौकोनी असलं तर सॉफ्टबॉक्स किंवा खिडकी, गोल असलं तर छत्री किंवा डिश. बुबुळात वर डावीकडे असलं तर दिवा वर डावीकडे. तो काय सांगतो ते नंतर ऐकतो, आधी मी ओळखून घेतो.

भाची : (खुश होऊन) हे तुला कुणी शिकवलं?

मामा : कुणी नाही. बँकेत सह्या ताडून बघायची सवय.

भाची : हे चांगलंय. एक मात्र सांगते, थांबवून लेन्सची धार ताडायला जाऊ नकोस. दोन लेन्सच्या तुलनेचे व्हिडिओ बघून तू मागे म्हणत होतास, ही जास्त शार्प आहे. यूट्यूब सगळं इतकं दाबून पाठवतं की बारीक धार आणि अंधारातले दाणे आधीच पुसले जातात. त्यावरून लेन्सवर पैसे टाकणं म्हणजे फोनवर आवाज ऐकून साडीचा पोत ठरवणं.

मामा : ती लेन्स मी घेतली नाही.

भाची : मामींनी घेऊ दिली नाही.

मामा : (विषय बदलत) एडिटिंगला मात्र आपला माणूस आहे हं. पिक्सइम्परफेक्ट, उन्मेष दिंडा. फोटोशॉप शिकवतो, आणि जगभरचे लोक त्याच्याकडून शिकतात. हा पट्टा इकडे ओढा, तो तिकडे ओढा, असं नाही सांगत. आत काय होतं ते सांगतो.

भाची : त्याला मी मानते. आणि त्वचेच्या रंगासाठी तर परदेशी प्रीसेटपेक्षा असं समजून केलेलं केव्हाही बरं. ते विकत घेतलेले प्रीसेट गोऱ्या कातडीवर बेतलेले असतात. आपल्या सावळ्या नवरीवर टाकले की ती एकतर नारिंगी दिसते नाहीतर पीठ लावल्यासारखी. मग घरचे म्हणतात, ‘वा, किती उजळ दिसते!’ आणि पोरगी स्वतःला ओळखत नाही.

मामा : अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या झोन पद्धतीत तेच आहे. उन्हातली गोरी कातडी सहाव्या झोनमध्ये ठेवायची, म्हणजे मधल्या करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ. हा हिशेब सावळ्या चेहऱ्यावर तसाच लावला की चेहरा धुतला जातो. ‘द कॅमेरा’, ‘द निगेटिव्ह’, ‘द प्रिंट’, तिन्ही पुस्तकं बघितलीस का?

भाची : ‘द प्रिंट’ चाळलंय. आणि मामा, आता माझं मुख्य भांडण. तुझ्या प्लेलिस्टमध्ये शिकवणारे शंभर आहेत. फोटो कुठे आहेत? रघू राय, रघुवीर सिंग, होमाई व्यारावाला, आपल्या गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे, सुधारक ओलव्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम. हे तू किती बघितलंस? रघुवीर सिंगांनी रंगीत फिल्मवर आपले रस्ते जसे भरून टाकलेत, तसे एकदा नीट बघ. मग तुला ‘रचनेचे दहा नियम’ ऐकायची गरज वाटते का, ते सांग मला.

मामा : त्यासाठीही चॅनल आहे. टेड फोर्ब्सचं ‘द आर्ट ऑफ फोटोग्राफी’. एकेका फोटोग्राफरचं पुस्तक उघडून बसतो. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाचा फोटो बघायला शिकवणारा कोर्सही कोर्सेरावर आहे. अवनी राय यांनी वडिलांवर, रघू रायांवर केलेला २०१७ सालचा माहितीपटही आहे, त्यात ते काश्मीरमध्ये काम करताना दिसतात. पाय दिसतात, तुझ्या भाषेत.

भाची : हे सगळं माहीत असून तू सात चुका बघतोस!

मामा : जेवताना बघतो.

भाची : आणि समजा सगळं बघितलंस. तुझा फोटो कोण बघणार? होमाईबाई जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, पण कॅमेरा त्यांच्या हातात आला माणेकशा व्यारावालांमुळे. शेजारी माणूस होता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिथे भाऊ दाजींसारखी माणसं होती, त्यांचे भाऊ नारायण दाजी स्वतः फोटो काढायचे. ही मंडळी एकत्र जमायची कशाला? पुस्तकं तेव्हाही मिळत होती. आपण काढलेलं दुसऱ्याला दाखवायला आणि चार शब्द ऐकून घ्यायला जमायची. तुझा हीटन तुला कधी म्हणणार नाही की मामा, हा फोटो वाकडा आहे.

मामा : (फोन पुढे करत) हे कासचे. म्हण.

भाची : ... बरे आहेत. उजेड चांगला पकडलास. पण हे सगळेच्या सगळे उभ्याने काढलेत. पाच फूट सहा इंचांवरून. फुलं वीतभर उंचीची, आणि तू त्यांच्याकडे मॅनेजरच्या खुर्चीतून बघितल्यासारखं बघतोयस.

मामा : खाली वाका, हे प्रत्येक चॅनल सांगतं गं. मला ऐकून ऐकून पाठ झालंय.

भाची : मग?

मामा : गुडघे.

भाची : तुझ्या कॅमेऱ्याचा स्क्रीन उलगडतो ना? तो वर करायचा, कॅमेरा पट्ट्याला धरून खाली सोडायचा, वरून बघत काढायचं. वाकायचं कशाला?

मामा : (बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत) तो स्क्रीन उलगडतो म्हणून मी हा कॅमेरा घेतला. त्यावर अर्ध्या तासाचा व्हिडिओ बघितला होता.

भाची : बघितला होतास. रविवारी साताऱ्याला ये. गोरज मुहूर्त आहे, उजेड उतरता असणार. माझी एक असिस्टंट रजेवर आहे. छत्री धरायचीय आणि मी सांगेन तिकडे सरकायचंय.

मामा : येतो की. कॅमेरा कोणती लेन्स लावून आणू?

भाची : कॅमेरा घरी.

मामा : निदान मोबाइल?

भाची : मुलीच्या मागे उभे राहून मोबाइलवर शूटिंग करणारे मामा प्रत्येक लग्नात आधीच असतात. तू छत्री धर.